काळे गोल

अन्नपूर्णाबाई आल्या की त्यांना घरात काही ना काही सापडतंच. मागच्या खेपेला पिठाच्या डब्यात किडा सापडला होता, आणि त्या एका किड्याची गोष्ट थोरल्या सुनेच्या, काजलच्या माहेरापर्यंत जाऊन पोचली होती. या खेपेला त्या जळगाव जामोदहून भावाकडे आल्या त्या भाच्याच्या वर्षश्राद्धाला हातभार लावायला. दिगंबरला जाऊन येत्या शनिवारी वर्ष होत होतं. पाव्हण्यारावळ्यांना गाद्या लागतील म्हणून त्यांनी रविवारी सकाळीच घरातल्या सगळ्या गाद्या उन्हात टाकायला घेतल्या, आणि थोरल्या भाच्याच्या, भागवतच्या गादीखाली त्यांना चित्रकलेची मोठी वही सापडली.

वही उघडली नि बाईंनी हातातली गादी तिथंच सोडली. मग भावाला हाक मारली. वामनराव येईपर्यंत त्यांनी वहीतले सुटे कागद पलंगावर एकाशेजारी एक मांडूनही टाकले. सोळा कागद होते. प्रत्येक कागदावर एक काळा गोल. नाक नाही, डोळे नाहीत, झाड नाही, घर नाही. बहुतेकांवर नुसता काळा, घासून घासून कागद फाटायला आलेला; शेवटच्या एकदोन कागदांवर भोवती काही बारीक रेघा, पण तिकडं कोणी नीट बघितलं नाही.

काजल चुलीपुढून उठून आली ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन. तिनं पलंगाकडे बघितलं. ती म्हणाली, आत्याबाई, हे कोणी बघायचं नसते. तर बाई म्हणाल्या, लपवायसारखं असलं म्हणूनच लपवते माणूस.

आता काजलनं काय काय सांगावं? छत्तीस वर्षांचा तिचा नवरा, चिखलीच्या बाजारात कापसाचं गाठोडं एकट्यानं उचलणारा, गेलं वर्षभर गुरांच्या कोठ्यात खाटेवर बसून होता. दिगंबर मळ्यातल्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, चढला नि विजेनं गेला, तेव्हा शेतात दोघं भाऊच होते. त्या दिवसापासून भागवतच्या तोंडी तीन शब्द उरले. हाव, नाई आणि नको. बाकी सगळं बंद. उन्हाळ्यात एकदा दिवस मावळायच्या सुमाराला तो कुठं दिसेना म्हणून काजल मळ्यात गेली, तर हा त्याच डीपीखाली उभा. मान वर, नजर तारांकडे. तिनं काही विचारलं नाही. हाताला धरून घरी आणलं. पण तेव्हापासून तिच्या जिवाला एकच घोर होता की हाही माणूस आपल्या हातचा जाणार.

म्हणून तिनं माहेरच्या ओळखीनं बुलढाण्याचा डॉक्टर गाठला. त्यानं गोळ्या दिल्या आणि त्याच दवाखान्यातल्या हिमानी मॅडमकडे पाठवलं. तिथं खोलीत खडू, रंग, मातीचे गोळे. काजलला वाटलं आपण चुकून बालवाडीत आलो. हिमानी मॅडमनं भागवतपुढं कागद ठेवला नि साध्या आवाजात म्हणाली, "बोलता येत नसेल तर काढा."

काढा! काजलला त्या शब्दाचं हसूही आलं नि रडूही. घरात तर काढायची बंदी होती. तेराव्याच्या पंगती उठल्यावर वामनरावांनी सगळ्यांपुढं सांगून टाकलं होतं, की आजपासून या घरात त्याचं नाव काढायचं नाही. फोटो पेटीत गेला. त्याची गाडी विकली. कोणी विषय काढला की म्हातारा उठून बाहेर जायचा. आणि इथं ही चष्म्यातली पोरगी म्हणते, काढा.

पहिले दोन सोमवार भागवतनं खडू धरला तो बाभळीचा काटा धरावा तसा. लाजच वाटत होती त्याला, नाहीतर काय. तिसऱ्या सोमवारी मात्र त्यानं काळा खडू उचलला आणि निम्मा संपेपर्यंत एक गोल घासला. 'हे काय आहे' असं हिमानी मॅडमनं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "हे जवळ आहे की लांब?"

भागवत म्हणाला, "जवळ." सात महिन्यांत त्याच्या तोंडून निघालेला तो चौथा शब्द.

पुढल्या सोमवारी पुन्हा काळा गोल. त्याच्या पुढल्या सोमवारी पुन्हा. शेवटी काजलचा धीर सुटला. तिनं मॅडमला खोलीबाहेर गाठून विचारलं, की मॅडम, हे सुधरून राह्यले का बिघडून राह्यले ते तरी सांगा. हिमानी मॅडम म्हणाली, ते मलाही अजून सांगता येणार नाही, पण पहिल्या कागदावर गोलाबाहेर जागाच नव्हती, आता आहे, तुम्हीच बघा. आणि तीन गोष्टी बजावल्या. अर्थ विचारायचा नाही. फेकायचं नाही. त्यांनी आपण होऊन दाखवल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही. दुखणं हत्तीच्या पायानं येतं नि मुंगीच्या पायानं जातं, हे काजलला ठाऊक होतं. दिवाळीनंतर भागवत दुसरी भाकर मागून घेऊ लागला होता. तिला तेवढंही पुष्कळ होतं.

आणि आज ते सोळा कागद पलंगावर वाणासारखे मांडून पडले होते.

अन्नपूर्णाबाईंचा निकाल तयारच होता. ही बाधा आहे. अपघाती मरण आलेला भाऊ भावाला सोडत नाही. त्यांच्या गावाकडचे जानराव महाराज असलीच माणसं बघतात. एकवीस दिवस तिथं राहायचं, गोळ्या बंद, हे रंगबिंग बंद, कारण दवा आणि दैवत एका ताटात जेवत नाहीत असं महाराज म्हणतात. उद्या सोमवारी बुलढाण्याला जाऊच नये, नि शनिवारचं श्राद्ध उरकलं की तिकडं निघावं, आपण सोबत येऊ. हे सगळं त्या तावातावानं नव्हत्या सांगत. भाच्याच्या काळजीनं त्यांचा आवाज कापत होता, आणि म्हणूनच त्यांना अडवणं अवघड होतं.

वामनराव कागदांकडे बघत उभे राहिले. त्यांचा महाराज-बिहाराजांवर विश्वास होता असं नाही. गावात दोनदा उपसरपंच राहिलेला माणूस, मंत्रानं मोटार चालू होत नाही हे त्यांना कळत होतं. पण पारावर पोरं हसतात हेही कळत होतं. वामनरावांचा भागवत रंगाची पुस्तकं भरतो म्हणे. एक मुलगा हट्टानं गेला, दुसरा असा झाला. दिगंबर हट्टी होता, कोणाचं ऐकत नव्हता, लाइनमनची वाट न बघता चढला, हे वामनराव वर्षभर ज्याला त्याला सांगत आले होते. कोणाची तरी चूक होती एवढं ठरलं की छातीवरचं ओझं थोडं सरकायचं. मेलेल्या मुलाची चूक काढली तर तो भांडायलाही येत नाही.

ते म्हणाले, "बाई म्हनते तसं करून पाहू. रंगानं कोनाचं भलं झालं?"

काजलनं सासूकडे बघितलं. गोजरबाई खांबाला टेकून श्राद्धाची तुरीची डाळ निवडत होत्या. आदल्याच दिवशी त्या काजलला म्हणाल्या होत्या, की पोरगं जेवायला लागलं बाई, तू जाऊन राह्यली ते जा. आता मात्र त्यांनी मान वर केली नाही. नणंदेपुढं त्यांची मान चाळीस वर्षांत वर झाली नव्हती. मधल्या दाराआड धाकटी जाऊ, दिगंबरची बायको अश्विनी उभी होती, डोक्यावर पदर. ती काही बोलेल अशी काजलची अपेक्षाच नव्हती. ज्या घरात आपला नवरा गेला त्या घरात जावेच्या नवऱ्याचे लाड चाललेत, असं तिला वाटत असेल, असं काजल मनात धरून बसली होती. ती एकटी पडली होती आणि हे तिला स्वच्छ दिसत होतं.

ती म्हणाली, "बाबा, गोळ्या बंद केल्या अन् हे पुन्हा डीपीखाली जाऊन उभे राह्यले, तं मी कोनाले विचारू?"

डीपीची गोष्ट घरात तिनं पहिल्यांदाच सांगितली होती. वामनराव खाली बसले. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, पाहा, तो बोलावते त्याले.

तेवढ्यात भागवत कोठ्यातून आत आला. आवाज ऐकून आला की पाणी प्यायला, कोण जाणे. पलंगावर नजर गेली आणि तो दारातच थबकला. बाई उठून जवळ गेल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि हे काय काढलं रे बापा, कोन काढाले लावते तुले, असं विचारू लागल्या. भागवत पलंगापाशी गेला. तो वाकला आणि कागद गोळा करू लागला. घाईनं नाही. हा आधीचा, हा नंतरचा, अशी ओळीनं रास लावत. काजलला भीती वाटली की आता हा ते फाडणार. पण त्यानं शेवटचा कागद सगळ्यांत वर ठेवला आणि रास दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. कागदाचं तोंड लोकांकडं होतं. त्यानं दाखवलं होतं. हे काजलला कळलं.

गोजरबाईंनी तेव्हा मान वर केली.

वरच्या कागदावरचा गोल लहान होता, लिंबाएवढा. त्याला वर मान होती. मानेला दोन बारके कान. त्याच्यावर एक लोंबती तार, आडवी लाकडी बल्ली, बल्लीच्या खुंटीला अडकवलेली पाण्याची छागल. गोजरबाईंनी ती छागल स्वतःच्या हातानं शिवली होती. डाळीचं सूप त्यांच्या मांडीवरून घसरलं.

"हा तं आपल्या खोपीतला बल्ब हाय," त्या म्हणाल्या.

"हाव," भागवत म्हणाला. आणि मग कागदाकडेच बघत, एकेक शब्द विहिरीतून ओढावा तसा ओढत म्हणाला, "तो पेटला नव्हता, माय. मी पाह्यला. म्हनून मी त्याले आवाज देल्ला. लाइन नाही, चढ."

तिथं बसलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ कळायला एक क्षण पुरला, कारण त्या शिवारात सगळे तसंच करतात. मोटार बंद पडली, डीपीवरचा फ्यूज उडाला, की वर चढायच्या आधी लाइन चालू आहे का गेली, हे कळायला शेतातल्या खोपीतला बल्ब बघायचा. पेटलेला असला तर लाइन आहे, चढायचं नाही. विझलेला असला तर लाइन गेली, वर जाऊन फ्यूज बांधून घ्यायचा. दिगंबर डीपीच्या पायथ्याशी थांबून विचारत होता. भागवत विहिरीवरून खोपीत डोकावला होता. बल्ब काळा होता. लाइन चालू होती.

वामनराव म्हणाले, "तू सांगतलं त्याले?" त्यांचा आवाज इतका बारीक कधी कोणी ऐकला नव्हता.

"मी सांगतलं. तो हट्टी नव्हता, बाबा. त्यानं दोनदा विचारलं."

गोजरबाई उठल्या.  खांब धरला. त्यांच्या डोळ्यांपुढं वर्षापूर्वीची ती संध्याकाळ जशीच्या तशी उभी राहिली. गाय व्यायला झाली होती, घरच्या कोठ्यातला बल्ब उडालेला, म्हणून कापूस वेचून परतताना त्यांनी खोपीतला चांगला बल्ब काढून ओटीत घेतला होता. होल्डर उघडा राहू नये, कोणाचा हात जाऊ नये, म्हणून फळीवरचा जुना, आतून काळा पडलेला बल्ब तिथं फिरवून ठेवला होता. चांगलं केलं असं वाटलं होतं त्यांना. कोणाला सांगायचं ध्यानातही राहिलं नाही. रात्री कालवड झाली, पहाटे चीक काढला, आणि सकाळी मळ्यातून माणसं धावत आली.

हे गप्प गिळता आलं असतं. त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांच्या आईनं त्यांना सासरी पाठवताना सांगितलं होतं आणि त्यांनी आयुष्यभर ते पाळलं होतं. त्यांनी मुलाकडं बघितलं. वर्षभर तो कोठ्यात बसून त्या एका बल्बाकडं बघत होता, आणि त्या रोज त्याला तिथंच जेवण नेऊन देत होत्या.

"भागवत," त्या म्हणाल्या, "तो उडेल बल्ब होता रे. चांगला मी घरी आनला. गाईसाठी. तो मी लावला होता तिथं."

भागवतच्या हातांतली कागदांची रास खाली आली. त्यानं आईकडे बघितलं, पोरगं अंधारात हाक मारतं नि कोणीतरी ओ देतं तेव्हा बघतं तसं. अन्नपूर्णाबाईंनी तोंडाला पदर लावला. काय सांगावं, त्या बाई रडत होत्या, भाच्यासाठी नाही, भावजयीसाठी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गोजरबाईंचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

वामनरावांना हे सोसवेना. ते उठले, हात वर केला, म्हणाले, पुरे आता, झालं ते झालं, याच्यापुढं त्याचं नाव... आणि काजल मध्ये पडली. सासऱ्याचं बोलणं तिनं कधी तोडलं नव्हतं.

"काढू द्या, बाबा," ती म्हणाली. "एक वरीस झालं. काढू द्या."

वामनराव उभ्याचे उभे राहिले आणि बाहेर मात्र गेले नाहीत.

आणि दाराआड अश्विनी होती. तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलू नये ही या घरची रीत. तो येताना दिसला की पदर घ्यायचा, बाजूला सरायचं, काही सांगायचं असलं तर जावेकडून सांगायचं. सहा वर्षं तिनं ती पाळली, आणि नवरा असताना ती जडही वाटली नाही. पण वर्षभर तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती ज्याला ठाऊक होती त्याच्याशी बोलायची तिला सोय नव्हती. तीनदा तिनं काजलला म्हटलं, की विचारा ना यायले. काजल दर वेळी म्हणाली, मॅडमनं काही विचारू नको म्हटलं आहे. काजलला वाटलं, हिला हिशेब मागायचा आहे. काजल चुकली होती.

आता मात्र अश्विनीला राग आला होता.  सासूचा राग, कारण एक शब्द सांगितला असता तर. भासऱ्याचा राग, कारण त्यानं एकदा बल्बाला हात लावून बघितलं असतं तर. आणि सगळ्यांत जास्त सासऱ्याचा, कारण वर्षभर तिच्या माणसाला हट्टी, हट्टी म्हणून पारावर, बाजारात, तिच्या बापापुढंही सांगितलं होतं आणि ती पदराखाली ऐकत उभी होती.

ती दारातून पुढं आली. आधी वामनरावांपुढं थांबली.

"दोनदा विचारून चढले, बाबा. ऐकलं न तुमी?"

वामनरावांनी मान हलवली. ऐकलं.

मग ती भागवतकडे वळली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण तिनं नजर उचलली आणि सरळ त्याच्या तोंडाकडे बघितलं. अन्नपूर्णाबाईंचा हात नकळत उठला, अडवायला, आणि परत मांडीवर पडला.

"दादा, चढताना ते काय बोलले?"

भागवतनं भिंतीचा आधार घेतला.  काजल पुढं व्हायला निघाली होती, पण थांबली. अश्विनी वाट बघत राहिली. वर्षभर वाट बघितलेल्या बाईला आणखी थोडी बघायला काय लागतं.

"मी खाली जाऊन उभा राह्यलो होतो," भागवत शेवटी म्हणाला. "अर्ध्यावर गेल्यावर त्यानं खाली वयून पाह्यलं. म्हने, दादा, बाजूले हो. पक्कड सुटली तं तुह्या डोक्यात पडन."

अश्विनीनं ते ऐकलं. मग तिथंच जमिनीवर बसली आणि रडली. वर्षभर घरानं तिला मुक्यानं रडताना बघितलं होतं. हे तसं नव्हतं. आवाज अंगणात गेला, शेजारणी दारात आल्या, आणि कोणी तिला उगी म्हटलं नाही. वामनराव आतल्या खोलीत गेले. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

रडणं ओसरल्यावर अन्नपूर्णाबाईंनीच तिला पाणी दिलं. जानराव महाराजांचं नाव त्यांनी पुन्हा घेतलं नाही. भागवत अजून भिंतीशीच उभा होता, आपल्याला काय शिक्षा होते याची वाट बघत असल्यासारखा.

अश्विनीनं तोंड पुसलं. "मी तुमाले माफ केलं असं समजू नका," ती म्हणाली. "सासूबाईलेही नाई केलं. मले ते आज जमत नाही." मग तिनं पेला खाली ठेवला. "पन उद्या सोमवार हाय. तुमी जा बुलढाण्याले. गोळ्या घ्या. जेवत जा. त्यायचा शेवटचा दिवस तुमच्यापाशी हाय, दुसऱ्या कोनापाशी नाही. मले अजून लय विचाराचं हाय, दादा. तुमी राहा."